पाच दातांची किल्ली

शिंगेट्टीच्या जुन्या गावात
गाडी लावायची तर आधी सपाट दगड शोधावा लागतो,
नाहीतर स्टँड हळूहळू आत जातो
आणि पाठ वळली की ती आडवी,
दमलेल्या म्हशीसारखी.
माझ्याकडे सार्डिनच्या डब्याचं झाकण आहे.
तेवढ्यावर दोनशे किलो लोखंड
उभं राहतं रात्रभर.

तंबू ठोकला डेद्देच्या भिंतीआड.
डेद्दे पोथ्या राखतो.
सांजेला एक उघडून दाखवली, हात न लावू देता:
ताऱ्यांचं गणित, हरणाच्या कातड्यात बांधलेलं,
आणि मधोमध वाळवीनं पाडलेली वाट,
पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सरळ.
"हिनं अख्खी वाचली," तो म्हणाला.
"माझ्या मुलानं नाही."

मग आंबट दुधात पाणी आणि साखर,
आपल्या ताकाची कुणी लांबची मावशी.
चहाचा तिसरा पेला होईस्तोवर
त्यानं किल्ली काढली,
लाकडाची, वीतभर, पाच दातांची.
वदानला लेमराबोतकडे दे. मावसभाऊ.
त्याच्या आजीच्या दाराची आहे.
पोस्टानं का नाही पाठवत, मी विचारलं.
"पोस्ट?" म्हणाला, आणि पेला विसळत राहिला.

चाकांतली हवा निम्मी केली.
वाळूत ब्रेक लावायचा नसतो,
नजर लांब, ढुंगण वर, मूठ पिळलेली,
आणि घाबरायचं ते नंतर, थांबल्यावर.
चारदा पडले.
चौथ्यांदा पाय गाडीखाली,
आणि उंटांचा एक कळप
थांबून, नीट बघून, निघून गेला,
हॉस्पिटलात भेटायला आलेल्या नातेवाइकांसारखा.

नाक्यावरच्या शिपायानं पासपोर्टची नक्कल घेतली.
धंदा काय, त्यानं विचारलं.
टपाल, मी म्हटलं.
त्यानं लिहून घेतलं.

दिवसा किल्ली हत्यारांच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून,
रात्री उशाला, कोरड्या ओढ्याच्या पात्रात.
पहाटे तंबू दवानं ओला.
वर्षभर ढग न दिसणाऱ्या देशात
हे पाणी कुठून येतं, कुणाला विचारू?
माझी स्वतःची किल्ली एकच, गाडीची.
ती काही उघडत नाही, नुसतं सुरू करते.
घराची मालकाला परत केली,
डिपॉझिट मोजून घेतलं,
शंभराची एक नोट फाटकी होती.

वदान कड्याला चिकटलेलं, कड्याच्याच रंगाचं.
लेमराबोत चाळीस विद्वानांच्या गल्लीतून पुढे,
छप्पर नसलेल्या घरांच्या उंबऱ्यांशी थांबत,
एकेकाचं नाव हळू आवाजात घेत,
जणू आत कुणी जेवायला बसलंय.
आजीचं दार?
त्यानं पायाखाली बोट केलं.
आम्ही दारावरच उभे होतो.
चार हात वाळू.
"सुरक्षित आहे," तो म्हणाला. "चोर आळशी असतात."

मी फडकं सोडलं.
चार दात.

त्यानं बोट फिरवून मोजले, पुन्हा मोजले.
मी सांगू लागले, ते खड्डे, ते पडणं,
माझा पाय, उंट.
"दार कुठं तपासायला येतंय," तो म्हणाला,
पण हसला नाही.
किल्ली खुंटीला लावली, इतर सात किल्ल्यांशेजारी,
मोडकी बाजू भिंतीकडे करून.

अतार. मेकॅनिक यूबा चेन घट्ट करतोय.
मी नट-बोल्टांचा डबा फरशीवर उपडा करते
आणि दहाच्या वॉशरांमध्ये
सापडतो दात,
करंगळीच्या नखाएवढा, बाभळीचा,
ग्रीसनं काळा झालेला.

दोनशे किलोमीटर मागे.
व्हिसाचे पाच दिवस उरलेत.
यूबा पंप घेऊन उभा:
"आता डांबरीच ना? पूर्ण भरू हवा?"
सकाळपासून वारा सुटलाय.
त्या दारावर एव्हाना
साडेचार हात झाली असेल.
नको, मी म्हणते.
असू दे निम्मीच.